देवीपुढचं कासव

सगळ्या पीण्यात, म्हणजे आमच्या त्या कारखान्यांच्या वस्तीत, माझ्याइतकं सरळ भोक पाडणारा दुसरा पोरगा नव्हता. फक्त ते जिथं पाडायचं असायचं तिथं पडायचं नाही, एवढीच काय ती अडचण. पाचवीत मी शाळा सोडली, म्हणजे खरं तर शाळेनंच माझा हात सोडला, आणि अप्पांनी मला आपल्या शेडमधल्या ड्रिलिंग मशीनपुढं उभं केलं. पत्र्याचं शेड, एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, आणि तेलाच्या वासात बुडालेलं भवानीचं कॅलेंडर. अप्पा पक्के फिटर. डोळा मिटून सुताचं माप सांगायचे. असल्या माणसाच्या पोटी मी कसा आलो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणायचे, "शिवू, तू मशीनवर असलास की मला जॉबची नाही, मशीनची काळजी वाटते."

घर आमचं पीण्याच्या मागच्या लेआउटात, म्हणजे प्लॉट पाडून उठवलेल्या वस्तीत. खाली आई, अप्पा आणि मी, वर एक खोली भाड्यानं दिलेली. खाली तांबडी गुळगुळीत फरशी, आईनं रोज पुसून पुसून आरशासारखी केलेली. थंडीच्या दिवसांत घरभर अवरेकाळूच्या, म्हणजे वालासारख्या शेंगांचा वास. आई संध्याकाळी पायावर सूप घेऊन शेंगा सोलत बसायची आणि मी सोललेले दाणे खात बसायचो. "स्वल्प आमटीला ठेव रे," ती म्हणायची, पण सूप काही सरकवायची नाही. आमच्या घरातली मराठी ही अशीच, अर्ध्या वाटेत कन्नड भेटलं की त्याला सोबत घेऊन चालणारी. आमचे लोक कुठल्या तरी फौजेबरोबर इकडं आले म्हणतात. माझ्याकडं बघून वाटतं, घोडे धुणाऱ्यांत असणार आम्ही.

अप्पा आयुष्यात एकदाच तिकडं महाराष्ट्रात जाऊन कुलदेवीचं दर्शन घेऊन आले. आल्यावर देवीचं कमी आणि देवीपुढच्या दगडी कासवाचंच जास्त सांगायचे. गाभाऱ्याकडं तोंड करून फरशीत बसवलेलं कासव, येणारा प्रत्येक माणूस आधी त्याला हात लावून पुढं जाणारा. "ते जागचं हलत नाही," अप्पा म्हणायचे, "म्हणून तिथनं लक्ष्मी हलत नाही." ते ऐकून आम्ही मान हलवायचो. पुढं कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि आमच्या शेडकडं येणारं काम कमी होत चाललं. अप्पांना झोप लागेना. मग एका दुपारी ते ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. कोलार बाजूच्या कुणा माणसाकडनं आणलेलं. गोणपाट उघडलं तर आत जिवंत कासव. पाठीवर काळ्यात पिवळ्या चांदण्या, जणू कुणी बारीक ब्रशनं काढलेल्या. मला तर ते बघून पहिल्यांदा वाटलं, याला पेंट कुणी केलं, किती सफाईचं काम आहे!

"दगडाचं नुसतं बसून एवढं करतंय," अप्पा म्हणाले, "तर जिवंत किती करील!"

आई म्हणाली, "पण हे चालेल की हो."

अप्पांनी ते काही मनावर घेतलं नाही. देव्हाऱ्यापुढं हळदीकुंकवाचं बोट ओढलं, त्यावर कासव ठेवलं, देवीकडं तोंड करून. आम्ही तिघांनी हात जोडले. डोळे उघडले तेव्हा कासव स्वयंपाकघराच्या दारात पोचलं होतं.

तिथनं माझं नवीन काम सुरू झालं. कासवानं तोंड फिरवलं की ते उचलायचं आणि परत देवीकडं करायचं. जेवताना, दाढी करताना, आई फोडणी देताना, कुणाचीही नजर गेली की हाक, "शिवू, पाव्हण्याला फिरव!" पाव्हणा हे नाव आईनं ठेवलेलं. मी फिरवायचो. ते थोडं थांबायचं, मान बाहेर काढायचं, विचार केल्यासारखं करायचं आणि परत दाराकडं. मला गंमत वाटायची. वाटायचं, शेवटी घरात एक जण असा आला जो माझ्यापेक्षा मंद आहे. किती वेळा सांगितलं तरी त्याला कळत नाही! त्याला काय कळत होतं आणि मला काय कळत नव्हतं, हे समजायला मला वेळ लागला, मी तसाही प्रत्येक गोष्टीला वेळच लावत आलोय.

आई त्याला नैवेद्यातलं खायला घालायची. दूधभात, तूप लावलेली होळिगे म्हणजे पुरणपोळी, शिरा. ते तोंड लावायचं नाही. कोथिंबिरीचे देठ पडले असले तर तेवढे खायचं. आणि दुपारी, घर शांत झालं की, भिंतीच्या कडेनं चालायचं. पाठ भिंतीला घासायची. खर्र... खर्र... कोपऱ्यात गेलं की आवाज थांबायचा. मग नखांची टिकटिक, आणि परत खर्र. सगळी खोली ते असं चाचपत फिरायचं, जणू भिंतीत कुठंतरी दार आहे आणि ते आपल्यालाच दिसत नाहीये. पहिले काही दिवस आम्ही हसलो. मग आई त्या वेळेला रेडिओ लावायला लागली.

वरच्या खोलीत तेव्हा गौरी मॅडम होत्या, पुण्याच्या, आयटीतल्या. त्यांनी ब्रूनो नावाचा कुत्रा पाळलेला, चांगला वासराएवढा. सकाळी त्यांची ऑफिसची बस गेली की तो वर रडायला लागायचा, ते दिवे लागेपर्यंत. वर ब्रूनो, खाली कासव. एकदा गौरी मॅडम भाडं द्यायला खाली आल्या आणि पाव्हणा त्यांच्या पायापाशी येऊन थांबला.

"ओ माय गॉड! काकू, हा स्टार टॉर्टॉइज आहे! हे इल्लीगल आहे, घरी ठेवला तर डायरेक्ट केस होते. फॉरेस्टवाले घेऊन जातात लोकांना. आणि किती क्रूएल आहे हे, बिचाऱ्याला असं कोंडून ठेवायचं!"

आई शेंगा सोलत होती. तिनं वर बघितलंही नाही. "आणि तुझा ब्रूनो वर सकाळपासनं भजन म्हणतोय काय गं?"

"काकू, त्याला मी प्रेमानं ठेवलंय."

"मग आम्ही काय राग म्हणून ठेवलंय याला?"

गौरी मॅडमचा चेहरा उतरला. मी मध्ये पडलो, विनोद करायला म्हणून. म्हटलं, "मॅडम, मला पण घरच्यांनी प्रेमानंच ठेवलंय, मी रडतो का?" कुणी हसलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्या रजा काढून ब्रूनोला पुण्याला आईवडलांकडं पोचवून आल्या. आल्यावर डोळे सुजलेले. वरचं रडणं बंद झालं आणि मग खालची ती खर्र खर्र एकटीच राहिली. एकटी असल्यानं ती जास्त मोठी वाटायची.

आता मी सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये नळ-मोटारी बघतो. तिथं कुत्र्यांना बाबागाडीत बसवून फिरवतात, त्यांचे वाढदिवस करतात, टोपी घालून. मी हसतो, पण पूर्वीसारखं नाही. लोक गावाला जाताना सांगतात, "शिवू अण्णा, जरा माशांना खायला घालाल का?" मी म्हणतो, नळ सांगा, गटार सांगा, ते नका सांगू. त्यांना वाटतं म्हातारा आळशी आहे. आहेच. पण त्याचं कारण ते नाही.

तर केसचं ऐकल्यापासनं अप्पा घाबरले. कासव सोडून द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, खिडक्या बंद करायच्या मात्र लगेच आलं. रस्त्याकडची खिडकी बंद, पुढचं दार ओढून घेतलेलं, दाराला जुन्या चादरीचा पडदा. गल्लीत जीप थांबली की अप्पा जेवता जेवता घास हातात धरून बसायचे. शेजारची बाई साखर मागायला आली तर आई उंबऱ्यावरच उभी राहून बोलायची. दिवसा दिवा लावायला लागायचा. आईच्या फरशीवर ऊन यायचं बंद झालं. कासवाच्या पाठीवरच्या चांदण्या पण हळूहळू विझल्यासारख्या झाल्या, भिंतीवरच्या चुन्यासारखा रंग आला. आम्ही चौघंही आत, आणि बाहेरनं बघणाऱ्याला कळू नये की आत कोण आहे.

त्यात माझा अंगठा गेला. म्हणजे गेला नाही, आहे अजून, पण त्यातनं ड्रिल आरपार गेलं. कशामुळं, तर समोरच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका मुलीनं माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. तिनं बघितलं नव्हतं. टाके घालून घरी आलो तर कासव दाराकडं तोंड करून बसलेलं. अप्पा पांढरेफटक पडले. "बघितलंस?" आईला म्हणाले, "याचं तोंड फिरलं आणि पोराचं बोट फुटलं." माझ्या चुकीचा दोष दुसऱ्यावर जाण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती, म्हटलं, कशाला मोडता घालायचा! मीही मान हलवली. त्याच आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक तुटलं. तेव्हाही कासवाचं तोंड दाराकडंच होतं. ते कायम दाराकडंच असायचं, पण हे बोलून दाखवणार कोण.

अप्पांनी आधी दोरी बांधून बघितली, ती पाठीवरनं निसटली. मग तीन बाजूंनी विटा लावल्या, समोर फक्त देवी. ते विटांना धडका द्यायचं. पूजेच्या वेळी घंटेबरोबर ती धडक ऐकू यायची, टक, टक, आणि आईचे हात मध्येच थांबायचे. एका सकाळी वीट पडलेली दिसली. अप्पांनी वीट उचलली. मग फिटरच्या आवाजात म्हणाले, "कडेला एक भोक पाडू. तारेचा आकडा बसवू. सरी होईल, ठीक होईल."

"भोक? कशात?" आई म्हणाली.

"पाठीच्या कडेला. नखासारखं असतंय ते. आपण नखं कापतो, दुखतंय काय?"

रविवार होता. सगळं पीण्या बंद. रोज जिथं बोललेलं ऐकू येत नाही तिथं आमच्या चपला वाजत होत्या. शेडचं शटर अप्पांनी अर्धंच उघडलं आणि आत गेल्यावर परत ओढलं. मी कासवाला लाकडी ठोकळ्यावर ठेवलं, खाली मशीन पुसायच्या चिंध्या. त्यानं मान, पाय सगळं आत घेतलं. अप्पांनी खडूनं जागेची खूण केली आणि मला म्हणाले, "चालव."

माझ्या नालायकीचा आयुष्यात एकदाच मला उपयोग झाला, तो तेव्हा. "अप्पा," मी म्हणालो, "माझं भोक कधी जागेवर पडलंय का?" पट्टी बांधलेला अंगठा पण दाखवला. मला वाटलं, आता हे रद्द होईल, आपण घरी जाऊ. अप्पांनी मला बाजूला सारलं आणि स्वतः हँडल धरलं. "मग तू नुसतं धरून ठेव," म्हणाले, "तेवढं तरी येतंय ना?"

तेवढं येत होतं. दोन्ही हातांनी मी कासवाला ठोकळ्यावर दाबून धरलं. मशीन सुरू झालं. आधी पांढरी पूड आली, बारीक, आणि केस जळल्याचा वास. माझ्या तळव्यांना खालनं कुणीतरी ढकलत होतं. एवढंसं जनावर, पण काय जोर! मग पूड ओली झाली. गुलाबी झाली. कासवानं मान पूर्ण बाहेर काढली, तोंड उघडलं आणि सायकलच्या ट्यूबची हवा सोडावी तसा आवाज केला. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा भोकाकडं बघत होते. अर्धं भोक सोडणारा माणूस नव्हे तो. पूर्ण केलं, अगदी खडूच्या खुणेवर, एक केसाचा फरक नाही. मशीन बंद केलं आणि नळाखाली हात धूत राहिले. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिले.

मग कासव आकड्यात, आकडा तारेत, तार देव्हाऱ्याच्या पायाला. आता तोंड फिरत नव्हतं. माझं काम संपलं. खर्र खर्र थांबली आणि विटाही नकोत. घरात इतकी शांतता झाली की दुपारी आई उगाचच भांडी घासायला काढायची. पाव्हणा खात नव्हता. कोथिंबिरीचे देठ समोरच वाळायचे. आईनं भोकाला हळद लावली, तेल लावलं. एका सकाळी मी उठलो तर देव्हाऱ्यापासनं दारापर्यंत मुंग्यांची रांग, सरळ, शिस्तीत. त्या साखरेला आल्या म्हणून मी फुंकर मारायला गेलो. साखरेला आल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी आईनं देवापुढं दिवा लावला नाही. अप्पा बाहेरनं आले, अंधार बघून थबकले.

"लाइट गेली काय?"

"नाही. मी लावला नाही दिवा."

"का?"

"तिच्यापुढं हे जिवंतपणी कुजत पडलंय, वास येतोय, आणि मी तिला म्हणू की जेव? मी नाही लावणार. तुम्हाला लावायचा असेल तर लावा."

अप्पांनी काडेपेटी शोधली. ती कुठं असते हेच त्यांना माहीत नव्हतं. थोडा वेळ हातांनी चाचपत राहिले, मग तसेच अंधारात बसले. मी एखादा विनोद सुचतो का बघत होतो. सुचला नाही. सकाळी आकडा कापलेला दिसला. पक्कडीची इतकी साफ खूण आमच्या घरात एकाच माणसाची. अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मावशीकडं देवनहळ्ळीला घेऊन जा. तिकडच्या रानात सोड. नीट सोड." आणि दारापर्यंत येऊन परत म्हणाले, "शिवू, हे तरी नीट कर."

अप्पांनी मला असं सांगितलेलं हे पहिलंच काम. मी छाती काढूनच निघालो. कासव जेवणाच्या पिशवीत, वर कढीपत्त्याच्या काड्या. बसमध्ये पिशवी मांडीवर. थोड्या वेळानं पिशवीतनं खरखर सुरू झाली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "एनप्पा अदु?" काय आहे ते, म्हणून.

"टिफिन," मी म्हणालो.

"टिफिन हालतोय?"

"खड्डे आहेत ना रस्त्यात."

बस सिग्नलला उभी होती. कंडक्टर माझ्याकडं बघत राहिला आणि पुढं गेला, वेड्याशी कोण बोलणार. एक खाकी कपड्यातला माणूस चढला तेव्हा मी पिशवीवर पडूनच राहिलो. तो बसच्या डेपोतला मेकॅनिक निघाला. पण जीव सगळा त्या पिशवीत अडकलेला. आतली खरखर थांबली की वाटायचं मेलं, सुरू झाली की वाटायचं पकडले गेलो.

मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, देवनहळ्ळीच्या बाहेर राहायची. तिच्या शेताच्या निम्म्या भागाचा लेआउट झाला होता. तांबडी माती सपाट केलेली, पांढरे रंगवलेले दगड रांगेत, आणि लांब कुठंतरी जेसीबीचा आवाज. घराला कडी होती, मावशी द्राक्षाच्या मळ्यात गेलेली. तिची वाट बघावी, एवढं साधं होतं. पण मला वाटलं, आता आपण हे काम एकट्यानंच करून दाखवू. उरलेल्या शेताच्या कडेला पाण्याचं कुंटं होतं, छोटं तळंच. देवळाच्या तळ्यात मी कासवं बघितलेली. कासव म्हटलं की पाणी, यात विचार करण्यासारखं काय आहे? मी त्याला दोन्ही हातांनी वर धरलं, म्हटलं, "जा बाबा, माफ कर," आणि हळूच, अगदी प्रेमानं, पाण्यात सोडलं.

त्यानं पाय हलवले. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते भिंतीशिवाय चाललंय असं मला वाटलं. मग ते तिरकं झालं आणि खाली गेलं. मी थांबलो, आता वर येईल म्हणून. चार बुडबुडे आले. मग तेही यायचे थांबले.

मला पोहता येत नाही. कमरेएवढ्या चिखलात मी पायांनी चाचपत होतो. एक दगड लागला, एक कुणाची तरी चप्पल लागली. ओरडत होतो म्हणे, मला आठवत नाही. ओरडा ऐकून मावशी विळा घेऊन धावत आली, आणि तेवढ्यात माझ्या पायाला ती कड लागली, भोकाची. मी डोकं बुडवून त्याला बाहेर काढलं. मावशीनं एका नजरेत सगळं बघितलं, ते भोक, मी, ते पाणी. माझ्या हातातनं कासव ओढून घेऊन उलटं धरलं. त्याच्या तोंडातनं पाणी गळलं. बराच वेळ गळत होतं.

"अरे, हे रानातलं आहे की रे! काट्याकुट्यात राहणारं! पाण्यात घातलंस?"

थंडीनं माझे नुसते दात वाजत होते, त्यामुळं बोलतोय असं वाटत असेल. मावशीनं ते टणटणीच्या झुडपाखाली, वाळल्या पानांवर ठेवलं. मान बाहेर लोंबत होती. पाय हलत नव्हते. तिनं मला घरात नेलं, कोरडा टॉवेल दिला, नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणि आमटी वाढली. मी मुद्दा नुसता आमटीत बुडवत बसलो. जेसीबी जवळ येत असल्यासारखा वाटत होता. दोनदा उठायला लागलो, दोनदा तिनं हात धरून खाली बसवलं. "बघायला जाऊ नको," म्हणाली. "राहू दे त्याला."

ऊन उतरल्यावर आम्ही गेलो. झुडपाखाली पानं दबलेली होती, ओली होती, पण त्यावर काही नव्हतं. मी गुडघ्यावर बसून सगळं झुडूप उपसलं, काट्यांनी हात फाडून घेतले. कुत्र्यानं नेलं, कुणी माणसानं उचललं, की आपल्या पायानं गेलं, माती एवढी कडक की खूण दिसेना. पुढं पांढऱ्या दगडांपर्यंत जेमतेम चार शेतांचं रान उरलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "वाचलं असेल ना गं?"

मावशीनं विळा पदराला पुसला. "वाचलं असेल," म्हणाली, "तर तुला चुकवून वाचलं असेल."